रक्त कुत्र्याचं, परीक्षा आपल्या कागदाची

ऑनसाइट पक्कं झालं की आमच्या आयटीवाल्या घरांत तीन प्रश्न हमखास येतात. व्हिसा कधी येणार, फ्लॅट भाड्याने कोणाला द्यायचा आणि कुत्र्याचं काय करायचं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी लोक सहा-सहा महिने आधीपासून एक्सेल शीट मांडून बसतात. तिसरा प्रश्न तिकीट काढल्यावर आठवतो. मग कळतं की जर्मनीला कुत्रा न्यायचा तर नुसती लस टोचून भागत नाही. रक्त काढायचं, त्यातलं सिरम थंड पेटीत घालून मान्यताप्राप्त लॅबला पाठवायचं (आपल्याकडून ते सहसा परदेशीच जातं), आणि निकाल चांगला आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. तिकीट असतं तीन आठवड्यांनंतरचं.

यापुढचा संवाद मला आता पाठ झालाय. "अरे, आमच्या ब्रूनोला दरवर्षी लस देतो आम्ही! पुस्तकात स्टिकर आहेत सगळे. पण गोऱ्यांना आपलं काही चालतच नाही. व्हिसाला तेच, कुत्र्याला तेच." आणि दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर ब्रूनोचा फोटो पडतो. 'चार वर्षांचा लॅब्रेडॉर, प्रेमळ, लहान मुलांत छान राहतो. परदेशी जात असल्याने चांगल्या घरी देणे आहे.'

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की हे लोक चुकीच्या ठिकाणी चिडतात. ही टेस्ट कुत्र्याची नाहीच मुळी. ती आपल्या सर्टिफिकेटची आहे. आणि त्या परीक्षेत आपण नापास का होतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आधी ही टेस्ट नक्की काय करते ते बघू. व्हेट मंडळी तिला टायटर टेस्ट म्हणतात. लस दिल्यावर शरीर रेबीजविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज तयार करतं. लॅबमध्ये कुत्र्याचं सिरम टप्प्याटप्प्याने पातळ करत जातात. प्रत्येक टप्प्यावर त्यात जिवंत रेबीज विषाणूची ठरावीक मात्रा घालतात आणि ते मिश्रण वाढवलेल्या पेशींवर सोडतात. प्रतिपिंडं पुरेशी असतील तर विषाणू निकामी होतो. नसतील तर तो पेशींमध्ये वाढतो, आणि चमकणारा रंग लावल्यावर मायक्रोस्कोपखाली हिरवा दिसतो. सिरम किती पातळ होईपर्यंत ते विषाणूला अडवतं, त्यावरून आकडा निघतो. एफएव्हीएन आणि आरएफएफआयटी या दोन पद्धती चालतात, तत्त्व एकच. पास व्हायला दर मिलिलिटरला ०.५ इंटरनॅशनल युनिट लागतात. जिवंत विषाणू हाताळायचा असल्याने अशा लॅब मोजक्याच. त्यातही युरोपीय संघाला चालणाऱ्या लॅबना फ्रान्समधल्या नान्सीच्या प्रयोगशाळेकडून येणारी चाचणी परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांचीही परीक्षा.

आता दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

एक. ०.५ ही काही जादूची भिंत नाही. ०.४ आला म्हणजे कुत्रा उघडा पडला आणि ०.६ आला म्हणजे चिलखत, असं मुळीच नाही. हा आकडा मुळात माणसांच्या लसीकरणातून आलाय. लस शरीराला लागू पडली, याची ती खूण आहे. लसीनंतर काही आठवड्यांनी प्रतिपिंडं वर जातात आणि मग हळूहळू उतरतात. म्हणून एकच डोस झालेला, मोठ्या जातीचा कुत्रा, रक्त उशिरा काढलं तर खरी लस घेऊनही नापास होऊ शकतो. उपाय साधा असतो, बूस्टर द्यायचा आणि पुन्हा रक्त काढायचं.

दोन. ही टेस्ट कुत्र्याला रेबीज झालाय की नाही हे सांगत नाही. चावा बसल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने जातात. त्या काळात कुत्रा शेपटी हलवतो, बॉल आणून देतो आणि रक्तातही काही दिसत नाही. अशा धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यात दबा धरून बसलेला रेबीज शोधणारी भरवशाची टेस्ट आजही नाही. लस देण्याआधीच विषाणू शिरला असेल तर तो कळण्याचा मार्ग एकच, वाट बघणे. तीन महिन्यांचा नियम त्यासाठी आहे. टेस्ट वेगळ्या कारणासाठी, थांबणं वेगळ्या कारणासाठी.

मग टेस्ट सिद्ध काय करते? एवढंच, की अमुक मायक्रोचिप नंबरच्या कुत्र्याला कोणीतरी खरोखर, चालू स्थितीतली लस टोचली होती. थोडक्यात, सर्टिफिकेटवर जे लिहिलेलं असतं तेच, फक्त कुत्र्याच्या रक्तातून वाचलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्राउझरमधून आलेल्या डेटावर विश्वास नाही, म्हणून सर्व्हरवर पुन्हा व्हॅलिडेशन. यात अपमान कसला? आपण स्वतः रोज ऑफिसात हेच करतो.

पटत नसेल तर अमेरिकेचा नियम वाचा. १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे नवी पद्धत लागू झाली. सीडीसीच्या यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत आहे. पुण्यात लस घेतलेला कुत्रा अमेरिकेत न्यायचा तर त्याचं वय किमान सहा महिने हवं, मायक्रोचिप हवी, सरकारी पशुवैद्यकाने शिक्का मारलेला लसीचा फॉर्म हवा आणि उतरायचं ठरावीक विमानतळांवरच. तिथल्या नोंदणीकृत केंद्रात तपासणी होते, बूस्टर देतात. टायटरचा निकाल नसेल तर त्याच केंद्रात २८ दिवस मुक्काम, अर्थात तुमच्या खर्चाने.

आता गंमत बघा. लस अमेरिकेत घेतलेला कुत्रा तिथल्या सरकारी खात्याने प्रमाणित केलेला फॉर्म घेऊन पुण्याला आला, सहा महिने इथल्या गल्लीत हुंदडला आणि परत निघाला, तर त्याला टायटर लागत नाही. धूळ तीच, भटकी कुत्री तीच, विषाणू तोच. फरक आहे तो फक्त लसीचा कागद कोणत्या व्यवस्थेतून निघाला याचा. यापेक्षा स्पष्ट भाषेत कोणी सांगायचं?

आणि हा अविश्वास आभाळातून पडलेला नाही. मार्च २००७ मध्ये भारतातून दत्तक घेऊन अमेरिकेत नेलेलं एक पिल्लू अलास्काला पोचून पिसाळलं. विषाणू भारतीय वाणाचा निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने जाहीर केलं होतं की कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीजचा वाण आपल्या देशातून संपला. म्हणजे त्यांनी कित्येक दशकं खपून जे घालवलं ते आपण एका पिंजऱ्यातून परत पाठवत होतो. २०२० या एका वर्षात सीडीसीला साडेचारशेहून जास्त कुत्र्यांचे रेबीजचे कागद खोटे किंवा फेरफार केलेले आढळले. जून २०२१ मध्ये अझरबैजानहून शिकागोला आलेल्या कुत्र्यांच्या गटात एक पिसाळलेला निघाला. लसीचे कागद होते बरं का. नंतर त्या गटातल्या बाकीच्या प्राण्यांचं रक्त तपासलं, तर अनेकांत पुरेशी प्रतिपिंडं नव्हतीच. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने धोक्याच्या देशांतून कुत्रे आणणं तात्पुरतं बंद केलं. आजचा नियम तिथून आलाय.

"पण हा वर्णभेदच आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. युरोपच्या यादीत बहारीन, यूएई आणि मॉरिशस आहेत. तिथून येणाऱ्या कुत्र्याला टायटर लागत नाही. आणि २०२४ मध्ये युरोपने रशिया आणि बेलारूसला त्या यादीतून काढलं. कातडीचा रंग इथे कामाचा नाही. तुमच्या देशात रेबीजची नोंद नीट होते का, लस आणि कागद यांवर कोणाची देखरेख आहे का, हे बघितलं जातं.

आता आपला कागद बघू. तुमच्या कुत्र्याचं लसीचं पुस्तक काढा. नाव 'टायगर', रंग 'ब्राउन', जात 'इंडियन'. कोथरूड ते खराडी असे किती टायगर असतील? स्टिकर आहे, पण तो याच कुत्र्याच्या अंगात गेलेल्या बाटलीचा आहे कशावरून? लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावी लागते. दुपारी गेलेल्या लाइटीच्या तीन तासांत ती कुठल्या फ्रिजमध्ये, किती अंशांवर होती? कुत्रा गाडीतून उतरत नाही म्हणून "डॉक्टर, तुम्ही सही करून द्या, इंजेक्शन रविवारी बघू" असं म्हणणारे मालक मी स्वतः ऐकलेत. हो म्हणणारे डॉक्टरही आहेत. सगळे व्हेट असे नाहीत, बरेच जण जीव तोडून काम करतात. पण कागदाची किंमत सगळ्यात प्रामाणिक सहीवर ठरत नाही, सगळ्यात स्वस्त सहीवर ठरते.

आणि मायक्रोचिप? ती लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसवावी लागते. नंतर बसवली तर आधीची लस हिशेबात धरत नाहीत. लोक वैतागतात, "चार वर्षांच्या लसी फुकट?" अहो, चिप म्हणजे प्रायमरी की. ती नसताना केलेली नोंद कोणाची आहे हे कोण सांगणार? ज्या माणसाने हा डेटाबेस ऑफिसात रिव्ह्यूला पाठवला असता तर तुम्ही झापला असता, तोच माणूस घरी स्वतःच्या कुत्र्याचं रेकॉर्ड तसंच ठेवतो.

पुण्यात, मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांनी काढलाय? पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन असेल तर आपण सुट्टी टाकून घरी बसतो. कुत्र्याच्या परवान्याचं नाव काढलं की "कोण विचारतं?" बरोबर आहे, इथे कोणी विचारत नाही. फ्रँकफर्टला विचारतात.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल की हा साहेबांचा वकील आहे :-) थांबण्याचे आकडे सगळे शुद्ध विज्ञानातून आलेले नाहीत. जपान रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबवतं, युरोप तीन महिने, अमेरिका २८ दिवस. विषाणू सगळीकडे तोच. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात नेऊन ठेवावा लागतो. ब्रिटनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सहा महिन्यांचं क्वारंटाइन चालवलं. २००० मध्ये काही देशांपुरतं ते टायटरच्या बदल्यात सैल केलं, आणि १ जानेवारी २०१२ ला युरोपचे नियम घेऊन टाकले. त्या दिवसापासून भारतातल्या कुत्र्याला सहा महिने पिंजऱ्यात राहण्याऐवजी टायटर देऊन, घरीच तीन महिने थांबून जाता येऊ लागलं. ब्रिटन काही त्यामुळे पिसाळलं नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून पळून आलेल्या लोकांच्या कुत्र्या-मांजरांसाठी युरोपने अटी सैल केल्या. योग्यच केलं. पण त्यावरून एवढं दिसतं की हे नियम माणसांनी केलेत आणि माणसं ते बदलू शकतात. आपल्या सरकारने चर्चेच्या टेबलावर हा विषय मांडायला हरकत काहीच नाही.

फक्त मांडताना हातात काय असणार? टायगर, ब्राउन, इंडियन?

इथे मला खरा राग येतो तो सांगतो. टायटरमुळे आपलं नुकसान काय होतं? चार महिने उशीर, थोडे पैसे, एखादं तिकीट बदलावं लागतं. ज्या ढिसाळपणामुळे ही टेस्ट आपल्या मागे लागलीय, त्याची खरी किंमत दुसरेच लोक देतात. आयसीएमआरच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसं मरतात. याआधीचे अंदाज तर याच्या तिपटीचे होते. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर इलाज जवळपास नाहीच. मरणारे बहुतेक गरीब, आणि त्यांत लहान मुलं फार. तुमच्या सोसायटीच्या गेटवर जो वॉचमन आहे ना, त्याची पोरगी बाहेरच्या कुत्र्यांत खेळते. 'लस दिली' असं लिहिलेलं पण न दिलेलं प्रत्येक इंजेक्शन त्या पोरीच्या आणि विषाणूच्या मधली एक वीट काढून घेतं. तुमच्या ब्रूनोला लॅबने नापास केलं तर तो पुन्हा परीक्षेला बसू शकतो. तिला ती सोय नाही.

बरं, आपल्याला जमत नाही असंही नाही. पोटात चौदा इंजेक्शनं ही आपल्या आईवडिलांच्या पिढीची दहशत होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस १९११ मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीत बनवली, आणि २००४ च्या अखेरीस भारताने तिचं उत्पादन थांबवलं. आज माणसांसाठीची चांगली लस खुद्द पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. म्हणजे ज्या शहरातून रेबीजची लस बाहेर जाते, त्याच शहरातल्या कुत्र्याचं सिरम 'खरंच लस दिली का हो?' हे विचारायला बाहेर जातं. च्यायला, याहून मोठा विनोद कोणता!

आणि शेजारच्या गोव्याकडे बघा. २०१३ पासून तिथे मिशन रेबीज आणि राज्य सरकार यांनी मिळून काम उभं केलं. नेहमीचा कार्यक्रम नाही, की एका रविवारी बॅनर लावला आणि फोटो काढले. स्मार्टफोनच्या अ‍ॅपवर नकाशा, कोणती टीम कोणत्या गल्लीत गेली, किती कुत्र्यांना लस दिली, किती राहिले, याची नोंद. ९५ हजारांवर कुत्र्यांना लस, ७० टक्के व्याप्ती, वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत शाळांतून माहिती. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. यात लस जुनीच होती. नवीन होती ती नोंद. प्रत्येक टोचणीमागे ठिकाण, वेळ आणि टोचणारा कोण हे लिहिलेलं. आपण आयटीवाले ज्याच्या जिवावर पगार घेतो, नेमकं ते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा. २०३० काही लांब नाही. पण मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर टाकला की कुत्रा, मालक, लसीची बॅच, तारीख आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दिसेल, असं सगळ्यांना तपासता येणारं एक रजिस्टर हवं. मोबाइलवर क्षणात पैसे पाठवणाऱ्या देशाला हे अवघड आहे असं मला कोणी सांगू नये. अवघड आहे ते खोट्या सहीला नाही म्हणणं.

तेव्हा गोऱ्यांना शिव्या घालून झाल्या असतील तर कामाचं सांगतो. पिल्लू घरी आणलं की पहिल्या लसीआधी चिप बसवा, आणि प्रत्येक लसीच्या वेळी डॉक्टरांना स्कॅनरवर नंबर वाचून पुस्तकात लिहायला लावा. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. परदेशाचा विचार मनात नुसता डोकावत असेल तरी लसीनंतर तीस दिवस झाले की टायटर करून ठेवा. युरोपसाठी तो निकाल, पुढचे बूस्टर एकदाही न चुकवता दिलेत तर, कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो. तिकडे राहून सुट्टीसाठी कुत्रा इकडे आणणाऱ्यांनी निघण्याआधी तिथेच टायटर करून पासपोर्टवर नोंद करून घ्यावी, म्हणजे परतताना तीन महिने अडकायला होत नाही. अगदी शून्यापासून सुरुवात केली तरी युरोपला साधारण चार महिने, अमेरिकेला दोन, जपानला सात लागतात. मॅनेजरने ऑनसाइटचं नाव काढलं, त्या दिवसापासून मोजायला लागा. त्याहून उशिरा कळलं तर आधी तुम्ही जा, कुत्रा आईबाबांकडे राहू दे आणि मागून येऊ दे. पण 'चांगल्या घरी देणे' हा पर्याय नाही. चार वर्षं तुमच्या पलंगावर झोपलेल्या जिवाला 'नियमांमुळे' सोडलं असं सांगू नका. नियम जालावर जाहीर आहेत, वाचायला पाच मिनिटं लागतात.

आणि डॉक्टर कुत्रा न बघता सही करायला तयार असतील तर ती घेऊ नका. दुसरा डॉक्टर शोधा. तुमच्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना लस देणारी एखादी संस्था असेल तर एका विकांताला तिच्या टीमबरोबर जा आणि नोंदी तुम्ही घ्या, तुमचं अक्षर नसेल पण टायपिंग तरी चांगलं असेलच.

ज्या दिवशी आपल्या डॉक्टरची सही पाहून परदेशातला अधिकारी पुढचं पान उलटेल, त्या दिवशी टायटर आपोआप बंद होईल. आणि त्याच्या कितीतरी आधी वॉचमनची पोरगी निर्धास्त खेळायला लागलेली असेल.